माँट्रियल कॅनेडियन्स: १९०९ पासून बर्फावर

सेंट_लॉरेन्सकाठ

माँट्रियलमध्ये सेंट कॅथरिन आणि ॲटवॉटर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक मोठी इमारत आहे. आत सिनेमागृहं, खाण्याची दुकानं. पण आत शिरून पायाखाली पाहिलंत तर फरशीत एक मोठं वर्तुळ दिसतं आणि शेजारी जुन्या प्रेक्षागृहाच्या थोड्या खुर्च्या जपून ठेवलेल्या दिसतात. हे इथल्या फोरमचं, म्हणजे माँट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाच्या जुन्या मैदानाचं, मध्यवर्तुळ. सत्तर वर्षं इथे बर्फ होता. लोक पॉपकॉर्न घेऊन त्या वर्तुळावरून सरळ चालत जातात. मी मात्र देवळातल्या कासवाला घालतो तसा वळसा घालून जाते.

मी मूळची सांगलीची, या शहरात चौदा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं आइस हॉकीशी माझं काही देणंघेणं नव्हतं. तिसऱ्या हिवाळ्यात मुलाला उद्यानातल्या उघड्या रिंकवर नेऊ लागले. तिथे शेजारच्या बाकावर बसणाऱ्या एका आजोबांनी माझ्या मोडक्या फ्रेंचची पर्वा न करता मला हा संघ शिकवला. तेव्हापासून जे वाचलं, ऐकलं, ते एका जागी लिहावं असं फार दिवस मनात होतं.

आधी खेळ थोडक्यात. एका बाजूचे सहा जण बर्फावर, त्यातला एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. चेंडूऐवजी पक, म्हणजे कडक काळ्या रबराची तीन इंच रुंद, एक इंच जाड चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. खेळाडू इतक्या वेगाने दमतात की मिनिटाच्या आतच खेळ चालू असताना कठड्यावरून उडी मारून बदली होतात.

आता संघ. १९०९ चा नोव्हेंबर. माँट्रियलमधले क्लबवाले नवी संघटना बांधायला जमले होते. अँब्रोझ ओब्रायन हा खाणी आणि रेल्वेच्या धंद्यातल्या श्रीमंत घराण्यातला तरुण आपल्या रेनफ्रू गावच्या संघासाठी जागा मागायला आला. त्याला दारातूनच परत लावलं. त्याच बैठकीत वाँडरर्स या संघालाही बाहेर काढलं होतं. त्यांचा जिमी गार्डनर आणि ओब्रायन, असे दोन दुखावलेले लोक एकत्र आले आणि त्यांनी स्वतःची वेगळी संघटना उभी केली. त्यातच कल्पना निघाली की माँट्रियलच्या फ्रेंच लोकांचा असा एक संघ काढायचा, म्हणजे वाँडरर्सशी चुरस होईल आणि तिकिटं खपतील. ४ डिसेंबर १९०९ ला कॅनेडियन्स जन्मले. पैसा ओब्रायनचा, खेळाडू जमवायचं काम जॅक लाव्हियोलेत याच्याकडे. ५ जानेवारी १९१० ला ज्युबिली रिंकवर पहिला सामना झाला आणि कोबाल्टच्या संघाला त्यांनी जादा वेळेत ७-६ असं हरवलं.

एका इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने हिशेब करून काढलेला हा संघ होता. फ्रेंच लोकांनी तो मनापासून आपला केला आणि इतका आपला केला की पुढे त्याच्यासाठी रस्त्यावर उतरले. मला या इतिहासात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली १९१७ मध्ये, म्हणजे संघ लीगपेक्षा आठ वर्षांनी थोरला.

चिंगी_पुणे

ताई, मस्त सुरुवात. 'हॅब्ज' हे टोपणनाव कुठून आलं? आणि त्या चिन्हातला 'सी' आणि 'एच'?

सेंट_लॉरेन्सकाठ

चिंगी, 'हॅब्ज' हे 'लेझ आबितां'चं छोटं रूप. आबितां म्हणजे सेंट लॉरेन्स नदीकाठी वसलेले जुने फ्रेंच शेतकरी. मोठ्या 'सी'च्या पोटातला 'एच' याच आबितांचा, असं अनेकांना वाटतं. पण तो हॉकीचा आहे: 'क्लब द हॉकी कानाडियां'. गंमत अशी की कानाडियां हा शब्दही त्या काळी मुख्यतः फ्रेंच भाषक स्वतःसाठी वापरत. लाल जर्सीला इथले जुने लोक 'ला सेंत फ्लानेल' म्हणतात, म्हणजे पवित्र फलाटीन. आमच्या बाकावरचे आजोबा हा शब्द उच्चारताना टोपी काढायचे.

जुना_सेंटरहाफ

मी खडकीला मैदानी हॉकी खेळलो, उघड्या मैदानावर, गुडघे फोडून घेत. आइस हॉकी टीव्हीवर पाहिली की पक दिसतच नाही. पण गोलकीपर हा माझा जिव्हाळ्याचा विषय. या संघाचे गोलकीपर फार मोठे होऊन गेले असं ऐकतो. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहा.

सेंट_लॉरेन्सकाठ

काका, मग जॉर्ज व्हेझिनापासून सुरू करते. शिकुतिमी या उत्तरेकडच्या गावचा. अतिशय शांत माणूस. म्हणून त्याला 'शिकुतिमीची काकडी' म्हणत. काकडी थंड असते ना, त्यावरून. १९१० च्या अखेरीस संघात आला आणि पुढची पंधरा वर्षं एकही सामना चुकवला नाही. १९१६ मध्ये संघाने पहिला स्टॅन्ली कप, म्हणजे या खेळातलं इथलं सर्वोच्च विजेतेपद, जिंकला तो त्याच्या भरवशावर. २८ नोव्हेंबर १९२५ ला अंगात सणसणून ताप असताना तो पिट्सबर्गविरुद्ध उतरला. पहिल्या डावानंतर तोंडातून रक्त आलं. तरी दुसऱ्या डावासाठी परत जागेवर गेला आणि तिथेच कोसळला. क्षय होता. चार महिन्यांनी, २७ मार्च १९२६ ला गेला. त्याच्या नावाची ढाल संघमालकांनी लीगला दिली आणि आजही वर्षातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला व्हेझिना ट्रॉफीच मिळते.

दुसरा जाक प्लांत. तुमच्या खडकीच्या दिवसांत कीपरच्या तोंडावर काही होतं का, माहीत नाही. इथे १९५९ पर्यंत सामन्यात उघड्या तोंडाने उभं राहायची रीत होती. मुखवटा घालणारा भित्रा, असा समज. प्लांत सरावात मुखवटा घालायचा, पण प्रशिक्षक टो ब्लेक सामन्यात घालू देईना. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यू यॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका थेट तोंडावर बसला. नाक आणि गाल फाटले. टाके घालून झाल्यावर प्लांत म्हणाला, मुखवटा असेल तरच परत जाईन. तेव्हा संघाबरोबर दुसरा गोलरक्षक नसायचा. ब्लेकपुढे इलाज राहिला नाही. प्लांत मुखवटा लावून आला आणि संघ ३-१ ने जिंकला. तिथून पुढे सगळ्यांचीच तोंडं झाकली गेली. हा माणूस फावल्या वेळात स्वतःचे बनियन आणि लोकरी टोप्या स्वतः विणायचा. मोठं कुटुंब, गरिबी, लहानपणीच आईकडून विणकाम शिकलेला.

जुना_सेंटरहाफ

आमच्या वेळी पायाला पॅड आणि छातीशी देव, एवढंच. व्हेझिनाचं वाचून गलबललो.

आकडेमोड

१९१९ च्या स्टॅन्ली कपचा कोणीच विजेता नाही. त्यात कॅनेडियन्सच होते ना?

सेंट_लॉरेन्सकाठ

हो. अंतिम मालिका सिॲटलमध्ये चालली होती. दोघांचे दोन-दोन विजय आणि एक सामना बरोबरीत. निर्णायक सामना १ एप्रिलला व्हायचा, आणि स्पॅनिश फ्लूने माँट्रियलचा जवळजवळ अख्खा संघ अंथरुणाला खिळला. उभे राहण्यापुरते खेळाडू उरले नाहीत. मालिका तिथेच थांबवली. ५ एप्रिलला त्यांचा बचावपटू जो हॉल सिॲटलच्या रुग्णालयात वारला. मालक जॉर्ज केनेडीही आजारी पडला आणि त्यातून पुरता कधी सावरलाच नाही. १९२१ मध्ये तो गेला आणि त्याच्या पत्नीने संघ ११,००० डॉलरला विकला.

याच सुमारास त्यांची मैदानंही जळत होती. १९१८ च्या जानेवारीत वेस्टमाउंट अरीना आगीत गेलं. त्यात वाँडरर्स कायमचे संपले, कॅनेडियन्स ज्युबिलीला परतले. दुसऱ्या वर्षी ज्युबिलीही जळालं. मग माउंट रॉयल अरीना, आणि १९२६ पासून फोरम. फोरम खरं तर इंग्रजी भाषकांच्या मरून्स संघासाठी बांधलेलं होतं. मरून्स १९३८ मध्ये बंद पडले आणि फोरम यांचंच होऊन बसलं.

टोरांटोकर

मी टोरांटोच्या लीफ्स संघाचा चाहता, तरी येऊन लिहितोय. हॉवी मोरेन्झबद्दल लिहा. आमच्या ऑन्टारिओचाच तो, आणि माँट्रियलने त्याला डोक्यावर घेतलं.

सेंट_लॉरेन्सकाठ

टोरांटोकर, बरं झालं आठवण केलीत. ज्याला 'फ्रेंचांचा संघ' म्हणतात त्याचा पहिला देव फ्रेंच नव्हता. मोरेन्झ स्ट्रॅटफर्डचा, जर्मन वंशाच्या घरातला. वेग असा की बचावपटू मागे वळेपर्यंत हा गोलापाशी. २८ जानेवारी १९३७ ला शिकागोविरुद्ध त्याचं स्केट कठड्यात अडकलं आणि पायाचं हाड चार ठिकाणी मोडलं. ८ मार्चला रुग्णालयातच त्याचं निधन झालं, वय अवघं ३४. त्याची शवपेटी फोरमच्या मध्यवर्तुळात ठेवली होती. हजारो लोक रांगेने, टोप्या हातात घेऊन, आवाज न करता जात राहिले. माझ्या पायाखाली येऊ नये म्हणून मी टाळते ते हेच वर्तुळ.

चिंगी_पुणे

बाप रे. आता दंगलीबद्दल लिहा ना ताई. सुरुवातीला म्हणालात की लोक रस्त्यावर उतरले.

सेंट_लॉरेन्सकाठ

ही गोष्ट नीटच लिहायला हवी, म्हणून रविवारची सकाळ राखून ठेवली होती.

मोरीस रिशार. टोपणनाव 'रॉकेट'. यंत्रशाळेत काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा, स्वतःही यंत्रावर काम शिकलेला. १९४२ मध्ये संघात आला आणि त्याच हिवाळ्यात घोटा मोडला. याआधीही हाडं मोडली होती, त्यामुळे हा टिकणारा नाही असंच सगळे धरून चालले होते. पुढच्या वर्षी मुलगी झाली, वजन नऊ पौंड. म्हणून त्याने नऊ नंबरची जर्सी मागून घेतली. १९४४-४५ मध्ये पन्नास सामन्यांत पन्नास गोल. तोवर हे कोणालाच जमलं नव्हतं. त्याच हंगामात २८ डिसेंबरला दिवसभर घर बदलण्यासाठी सामान वाहून तो दमून मैदानावर आला आणि डेट्रॉइटविरुद्ध पाच गोल केले, वर तीन गोलांना हातभार लावला.

तेव्हाच्या माँट्रियलमध्ये फ्रेंच लोक बहुसंख्य, पण कारखाने, बँका, मोठी दुकानं इंग्रजी हातात. सेंट कॅथरिनच्या भव्य दुकानात खरेदीला गेलं तर इंग्रजीत बोलावं लागे. मुकादम इंग्रजी बोलणार, मजूर फ्रेंच. दर शनिवारी रात्री हेच लोक रेडिओला कान लावून बसत, कारण तिथे त्यांच्यातला एक जण कोणापुढे मान तुकवत नव्हता. प्रतिस्पर्धी त्याला मुद्दाम डिवचत, शिव्या देत, काठीने मारत. तोही सोडत नसे.

१३ मार्च १९५५, बोस्टन. हॅल लेकोची काठी रिशारच्या डोक्याला लागली, रक्त आलं. रिशार त्याच्यावर काठी घेऊन धावला. आवरायला आलेल्या लाइन्समनलाही त्याने ठोसे मारले. चूक होतीच, आणि मी ती झाकत नाही. याआधीही त्याच हंगामात पंचांशी हातघाई झाली होती. १६ मार्चला लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी निकाल दिला: उरलेले तीन सामने आणि पुढची सगळी बादफेरी बंद. रिशार तेव्हा गुणांच्या यादीत पहिला होता आणि हा मान त्याला एकदाही मिळाला नव्हता. फ्रेंच माँट्रियलने या निकालात खेळाचा नियम पाहिला नाही. इंग्रज साहेबाने आपल्या माणसाला चिरडलं, असंच वाचलं.

दुसऱ्या दिवशी फोरममध्ये डेट्रॉइटशी सामना. कॅम्बेल यांना येऊ नका असं सुचवलं गेलं होतं, तरी ते आले आणि आपल्या नेहमीच्या जागी बसले. अंडी, टोमॅटो सुरू झाले. एक तरुण हात मिळवायचा बहाणा करून जवळ गेला आणि त्याने तोंडात मारली. मग कोणीतरी अश्रुधुराचं नळकांडं फोडलं. डेट्रॉइट ४-१ ने पुढे होतं. अग्निशमन दलाने सभागृह रिकामं करायला लावलं आणि सामना डेट्रॉइटला बहाल झाला. डोळे चोळत हजारो माणसं बाहेर आली, ती बाहेर आधीच जमलेल्या गर्दीत. सेंट कॅथरिन रस्त्यावर कितीतरी दुकानांच्या काचा फुटल्या, मध्यरात्र उलटून गेली तरी लूट चालू होती.

दुसऱ्या संध्याकाळी रिशार स्वतः रेडिओ आणि टीव्हीवर आला. शांत राहा, मी शिक्षा भोगतो, पुढच्या वर्षी परत येऊन कप जिंकायला मदत करीन, असं त्याने फ्रेंचमध्ये सांगितलं. शहर शांत झालं.

आणि त्याने शब्द पाळला. १९५६ ते १९६० सलग पाच कप. असं दुसऱ्या कुठल्या संघाला आजवर साधलेलं नाही.

आमचे आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. वडिलांनी त्या रात्री दाराला आतून कडी घातली आणि स्वतः खिडकीपाशी उभे राहिले, एवढंच त्यांना आठवायचं. वडील काय बोलले असं मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही. पण रडत होते."

जुना_सेंटरहाफ

तुमच्या आजोबांची ती एक ओळ पुरे आहे.

टोरांटोकर

तुम्ही एवढं सुंदर लिहिलंत, तरी एक गोष्ट नोंदवतो. १९६७ च्या अंतिम फेरीत आम्ही यांना हरवलं होतं. आमचा शेवटचा कप तोच. आणि एक प्रश्न: क्वेबेक या माँट्रियलच्या प्रांतातले खेळाडू यांना नियमानेच आधी मिळत, म्हणून एवढे कप आले, असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. तथ्य किती?

आकडेमोड

यावर मी लिहितो, कारण हा समज खूप पसरला आहे. अगदी सुरुवातीच्या काळात फ्रेंच खेळाडूंवर कॅनेडियन्सचा पहिला हक्क होता, हे खरं. साठच्या दशकात नव्या खेळाडूंची निवड पद्धत आली तेव्हाही काही काळ दोन फ्रेंच खेळाडू आधी उचलायची मुभा होती. पण तोवर बहुतेक चांगली मुलं आधीच कुठल्या ना कुठल्या क्लबशी करारबद्ध असत, त्यामुळे हाती मोठं काही लागलं नाही. १९६९ मध्ये रेझाँ हूल आणि मार्क तार्दिफ हे दोघं मिळाले आणि सवलत संपली. रिशार, बेलिव्हो, लाफ्लर या संघाच्या दिग्गजांपैकी कोणीही या सवलतीतून आलेलं नाही.

बेलिव्होची हकीकत पाहा. तो क्वेबेक शहरात हौशी म्हणवणाऱ्या लीगमध्ये सुखाने खेळत होता, यायला तयार नव्हता. शेवटी १९५३ मध्ये कॅनेडियन्सनी त्या अख्ख्या लीगचे हक्क विकत घेऊन तिला व्यावसायिक करून टाकलं. आता त्याला त्यांच्याशीच करार करावा लागला.

गी लाफ्लर मिळवला तो सॅम पोलॉक या व्यवस्थापकाच्या डोक्याने. १९७१ च्या निवडीत लाफ्लर पहिला जाणार हे त्याला दिसत होतं. त्याने वर्षभर आधीच कॅलिफोर्निया गोल्डन सील्स या दुबळ्या संघाकडून त्यांची १९७१ ची पहिली पाळी अदलाबदलीत घेतली. निवडीत तळाच्या संघाची पाळी पहिली, म्हणून सील्स तळाला राहिले तरच तिचा उपयोग. हंगामात लॉस एंजेलिस त्यांच्याही खाली जातंय असं दिसताच पोलॉकने आपला अनुभवी राल्फ बॅकस्ट्रॉम लॉस एंजेलिसला दिला. ते वर आले, सील्स तळाला गेले, लाफ्लर माँट्रियलला.

आणि मग १९७६-७७. ८० सामने: ६० विजय, ८ पराभव, १२ बरोबरी. गोल केले ३८७, खाल्ले १७१. घरच्या मैदानावर अख्ख्या हंगामात एकच पराभव. प्रशिक्षक स्कॉटी बोमन, गोलात केन ड्रायडन. १९७६ ते १९७९ सलग चार कप.

सेंट_लॉरेन्सकाठ

आकडेमोड, फार छान. बेलिव्होचंच पुढे सांगते. ५ नोव्हेंबर १९५५ ला बोस्टनचे दोन जण शिक्षेवर बाहेर असताना त्याने ४४ सेकंदांत तीन गोल केले. तेव्हा गोल झाला तरी शिक्षेची दोन मिनिटं पूर्ण भोगावी लागत. पुढच्या हंगामापासून लीगने नियमच बदलला: छोट्या शिक्षेत एक गोल खाल्ला की खेळाडू परत आत. एका संघामुळे खेळाचा नियम बदलला! माणूस म्हणूनही तो फार मोठा. १९९४ मध्ये पंतप्रधानांनी कॅनडाचं गव्हर्नर जनरल पद देऊ केलं. पोलीस दलात असलेला जावई वारला होता, मुलीला आणि दोन नातींना आपली गरज आहे म्हणून त्याने ते नाकारलं.

चिंगी_पुणे

आणि त्यानंतर? एकूण २४ कप ना? शेवटचा कधी?

सेंट_लॉरेन्सकाठ

१९९३. त्या बादफेरीत जादा वेळेत गेलेले सलग दहा सामने जिंकले, गोलात पात्रिक रुआ. ९ जूनला लॉस एंजेलिसला हरवून चोविसावा कप आला. त्यानंतर कॅनडातल्या एकाही संघाने कप जिंकलेला नाही, फक्त माँट्रियलच नाही. रुआही टिकला नाही. १९९५ च्या डिसेंबरात डेट्रॉइटने घरच्या मैदानावर ११-१ असं हरवलं. नऊ गोल होईपर्यंत त्याला बाहेर बोलावलं नाही, आणि त्याच रात्री तो अध्यक्षांना सांगून मोकळा झाला की हा माझा इथला शेवटचा सामना. चार दिवसांत कोलोरॅडोला गेला आणि त्याच हंगामात तिकडे कप जिंकला.

११ मार्च १९९६ ला फोरमचा निरोपाचा सामना झाला. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर महायुद्धातल्या एका कवितेची ओळ लिहिलेली असे, थकल्या हातांनी तुमच्याकडे मशाल सोपवतो आहोत अशा अर्थाची. त्या रात्री खरीच मशाल पेटवून एका कर्णधाराने दुसऱ्याच्या हाती दिली. रिशारचं नाव पुकारलं आणि लोक उठले ते बसेचनात. दहा मिनिटं टाळ्या. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस हात खाली करून 'पुरे, पुरे' म्हणत होता आणि डोळे पुसत होता. ती चित्रफीत मी आजवर न रडता पाहिलेली नाही. २००० च्या मे महिन्यात तो गेला तेव्हा क्वेबेक सरकारने त्याला शासकीय इतमामाने निरोप दिला.

भाषेचा प्रश्न मात्र जिवंत आहे. २०११ मध्ये फ्रेंच न येणारा हंगामी प्रशिक्षक नेमला तर निदर्शनं झाली. उलट साकू कोइवू हा कॅनेडियन्सचा कर्णधार, मूळचा फिनलंडचा. त्याला कर्करोग झाला, उपचार घेऊन तो ९ एप्रिल २००२ ला परत बर्फावर आला तेव्हा लोक आठ मिनिटं उभे होते. त्याच्या पुढाकाराने शहरातल्या रुग्णालयाला पेट स्कॅन यंत्र मिळालं. फ्रेंच न येण्यावरून त्याच्यावरही टीका झाली, पण त्या आठ मिनिटांत कोणी भाषा विचारली नाही.

टोरांटोकर

२०२१ चं लिहा. आम्ही ३-१ ने पुढे असताना तुम्ही आम्हाला घरी पाठवलंत, ते दुखणं अजून आहे.

सेंट_लॉरेन्सकाठ

त्या वर्षीची २४ जून. सेंट जाँ बाप्तिस्तचा दिवस, क्वेबेकचा सण. करोनामुळे बेल सेंटरच्या, म्हणजे फोरमनंतरच्या संघाच्या मैदानाच्या, आत फक्त साडेतीन हजार माणसं, बाहेर रस्त्यावर अथांग गर्दी. मी आणि मुलगा मास्क लावून गर्दीच्या कडेला उभे होतो. जादा वेळेत लेह्कोनेनने गोल मारला आणि २८ वर्षांनी संघ अंतिम फेरीत गेला. शेजारची अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडली, आणि त्या दीड वर्षात घराबाहेरचं कोणी मला पहिल्यांदाच मिठी मारत होतं. अंतिम फेरीत टॅम्पाने ४-१ ने हरवलं. आजोबांना हे पाहायला मिळालं नाही, ते त्याआधीच्या हिवाळ्यात गेले.

जुना_सेंटरहाफ

डिसेंबरात मुलीकडे ओटावाला येतोय. दोन दिवस माँट्रियलला काढीन म्हणतो. तिकीट महाग असतं असं जावई म्हणतात. नाही मिळालं तर काय पाहू?

सेंट_लॉरेन्सकाठ

काका, जरूर या. मेट्रोने ॲटवॉटरला उतरा, फोरमचं वर्तुळ बघा. तिथून सेंट कॅथरिन रस्त्याने पूर्वेला चालत निघालात की १९५५ चाच रस्ता तुमच्या पायाखाली असेल. बेल सेंटर अर्ध्या तासाच्या आत येतं. बाहेर रिशार, मोरेन्झ, बेलिव्हो, लाफ्लर यांचे पुतळे आहेत. आणि संध्याकाळी आमच्या उद्यानातल्या रिंकवर या, तिथे तिकीट नाही. डिसेंबरच्या शेवटी थंडी पडली तर बर्फ धरलेला असेल. पायात दोन लोकरी मोजे घाला. स्टिक मुलाची देईन. पक जवळून पाहिलात की टीव्हीवरही दिसायला लागेल.